आठ झाडे, नऊ नावे

नगरच्या ज्या साप्ताहिकात मी तेव्हा काम करत होतो, तिथे मृतांची नावे छापण्याबाबत एक नियम होता. प्रत्येक नावामागे पाहणारा माणूस हवा. त्याने प्रेत पाहिलेले असावे, अग्नी देताना तो हजर असावा, किंवा निदान मृत्यूच्या जागी त्या माणसाला त्याने डोळ्यांनी पाहिलेले असावे. 'असे समजते' एवढ्या आधारावर संपादक बाजारभाव छापू देत, सभेची गर्दी छापू देत. मृत्यू छापू देत नसत. हा नियम मी एकदा मोडला. वर्तमानपत्रात नव्हे, दगडावर.

१९४४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत एका जहाजावर आग लागली. जहाजात कापूस होता आणि दारूगोळाही होता. दुपारी चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, थोड्या वेळाने दुसरा. गोदी, वखारी आणि मागची वस्ती पुढे काही दिवस जळत होती. युद्ध चालू असल्यामुळे सुरुवातीच्या काळात सरकारने सविस्तर बातमी येऊ दिली नाही. आमच्या कचेरीत स्फोटाची माहिती पुण्याहून येणाऱ्या मोटारीतले उतारू सांगत. ती आम्ही वहीत उतरवून घेत होतो आणि वही कपाटात ठेवत होतो.

सुप्यापासून पाच मैल आत असलेल्या एका गावाला मात्र वर्तमानपत्राची गरज पडली नाही. तिथे पेट्या आल्या.

ते कळायला त्या गावच्या मुंबईतल्या खोलीबद्दल सांगितले पाहिजे. या भागात पाऊस कमी, विहिरी खोल. घरातला एक भाऊ शेत बघे, दुसरा गोदीत हमालीला जाई. मशीद बंदराच्या बाजूला गावाने मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. तिच्यात चोवीस माणसे राहत. निम्मी दिवसपाळीची, निम्मी रातपाळीची, त्यामुळे अंथरुणे बाराच लागत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी भिंतीला लावलेली असे. पेटी आहे तोवर खोलीतली जागा त्याची. कोणी वारले तर बरोबरचा एकजण त्याची पेटी घेऊन गावी येई. तो आधी स्वतःच्या घरी जात नसे. पेटी मृताच्या दारात ठेवायची, बोलायचे नाही, पाणीसुद्धा घ्यायचे नाही, आणि मागे फिरायचे. 'पेटी आली' एवढे म्हटले की गावात त्याचा अर्थ एकच होता.

त्या चैत्राच्या अखेरीपासून वैशाखापर्यंत आठ पेट्या आल्या. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार सुप्याला थांबे आणि डोक्यावर पेटी घेतलेला माणूस माळावरून चालत येताना गावाला अर्ध्या मैलावरून दिसे. बायका दारात उभ्या राहून तो कोणत्या गल्लीला वळतो ते बघत. माझे वडील पूर्वी या गावच्या शाळेवर मास्तर होते, त्यामुळे माझे तिथे जाणे-येणे होते आणि गाव मला 'धाकले मास्तर' म्हणे. मी तिथे बसून यादी केली. तिघांना मुंबईत अग्नी दिला होता. दोघांना इस्पितळात ओळखले होते. तिघांना स्फोटाच्या काही मिनिटे आधी त्याच धक्क्यावर ओझी वाहताना बरोबरच्यांनी पाहिले होते, आणि नंतर त्या धक्क्यावर काही उरले नव्हते. आठही नावांपुढे पाहणाऱ्याचे नाव होते.

नववी पेटी ज्येष्ठात आली. नवव्या नावापुढे मी 'पेटी आली' असे लिहिले आणि पाहणाऱ्याचा रकाना कोरा ठेवला.

युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, गावाने बाग करायचे ठरवले. ज्यांची राख गावात आली नाही त्यांच्या नावाने पाणी कुठे सोडायचे, असा प्रश्न बायकांनी काढला होता. पाटलांनी रस्त्याला लागून अर्धा एकर पडीक जमीन दिली. प्रत्येक मृताच्या घरचे एक झाड, कडुलिंब किंवा करंज, आणि मध्ये नावांचा दगड. त्या मुलखात झाड लावणे सोपे असते आणि जगवणे अवघड, म्हणून आधीच ठरले की ज्या घरचे झाड त्या घरानेच रोज एक हंडा पाणी आणून घालायचे. वैशाखात नऊ खड्डे खणून उन्हात तापू दिले. शेरडांपासून राखण म्हणून भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. गाव त्याला बाग म्हणू लागले तेव्हा तिथे खड्डे आणि काटे एवढेच होते.

लावणी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी ठरली. वर्षभरापूर्वी तुरुंगातून सुटलेले जिल्ह्यातले एक पुढारी येणार होते. दगडाचे काम नगरच्या एका पाथरवटाकडे होते आणि यादी त्याच्याकडे पोचवणे माझ्याकडे. मी नऊ नावांची यादी दिली. नववे नाव पक्के नाही हे मला ठाऊक होते. पण मजकूर आधी खिळे जुळवणाऱ्याकडे द्यायचा आणि शंका प्रुफात काढायच्या, ही छापखान्यातली माझी रोजची पद्धत होती. दगडाला प्रूफ नसते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

लावणीच्या पाच दिवस आधी, बुधवारी, मी गावात गेलो तेव्हा पाटील म्हणाले, "नवव्या घरी जरा जाऊन या. बाई झाड लावू देत न्हाई."

त्या घरात दोन भाऊ. थोरला शेत बघे. धाकटा गोदीत गेला होता, त्याची पेटी ज्येष्ठात आली होती. त्याची बायको पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल, मूल नव्हते. पेटी आल्यालाही दोन वर्षे होऊन गेली होती आणि तिच्या कपाळावर कुंकू होते. पेटी माजघरात होती, कुलपासकट. तिच्यावर घोंगडी घातलेली होती.

थोरला ओसरीवर बसून बोलला. बायको-भावजय आतून ऐकत होत्या हे त्याला माहीत होते. त्याचा आवाज त्यांच्यासाठीच होता.

"मी वाईट हाय असं गावात म्हनतात. म्हनू द्या. पर धाकले मास्तर, तुमी शिकलेले हायसा, तुमी सांगा. घरात कुनी मेलं तर वरीस पाळायचं. गुढी न्हाई, पुरन न्हाई, लगीन न्हाई. वरीस झालं की सुटलं. आमच्यात वरीस सुरूच झालं न्हाई. मग सपनार कसं?"

"सण करत नाही तुम्ही?"

"करायचा म्हनलं तर लोक म्हनतात, भाऊ जाऊन बसलाय आन ह्यो पोळ्या खातोय. न्हाई करावा तर ही म्हनती, जितं मानूस असताना सुतक कशाचं. माझी पोर चौदाची झाली. दोन ठिकानचे सोयरे येऊन गेले. म्हनले, आदी घरातलं उरका, मग बोलू. तिसरे आखाडात आल्ते. सोमवारी झाड लागलं की बोलनी करू म्हनलेत."

झाड लागणे म्हणजे काय, हे गावाने ठरवलेले होते. पहिले पाणी घरच्या विधवेने घालायचे. म्हणजे सोमवारच्या आत तिने कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या. त्यानंतर मूल नसलेल्या बाईला माहेरी पोचवण्यात आले असते, हे कोणी बोलले नाही. तिला ते कळत होते. ती नवऱ्याची वाट बघत होती की घरातली जागा धरून होती, याबद्दल गावात दोन मते होती. मी तिला विचारले नाही. दोन्ही कारणे एकाच माणसाला असू शकतात.

मी निघालो तेव्हा ती दाराशी आली. पदर पुढे ओढलेला होता.

"तुमच्या वहीत ह्यांच्या फुडं काय लिवलंय?"

मी सांगितले, "पेटी आली."

"आन त्याच्या फुडं?"

"पुढे कोरे आहे."

"मग कोरंच ऱ्हाऊ द्या."

ओसरीवरून थोरला म्हणाला, "तिला सांगा, कोऱ्या कागदावर घर चालत न्हाई." तो तिच्याशी थेट बोलत नसे, थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यात ती रीत होती.

त्या वेळी नगरला दगड कोरला जात होता. मी ते दोघांनाही सांगितले नाही. सुप्याला आल्यावर मोटारवाल्याकडे पाथरवटासाठी चिठ्ठी दिली: शेवटचे नाव थांबवावे.

गुरुवारी मारुतीच्या पारावर बैठक भरली. बागेसाठी रजा काढून मुंबईचे सातजण आले होते. मुंबईकर आले की गावात थोडी थट्टा चाले, ती तेव्हाही चालली होती. एकाने मला विचारले, "आमचं बी नाव पेपरात घालता का?" दुसरा म्हणाला, "पेपरात कशाला, दगडावर घालू की. फकस्त आदी मरावं लागंल, मर्दा." हसणे संपायच्या आत ती बाई पाराच्या खाली येऊन उभी राहिली. पारावरच्या बैठकीला बायका येत नसत.

पाटील म्हणाले, "पोरी, काय आसंल ते घरात बोलू. थोरला दीर हाय तुझा इथं."

"मी भावजींसंगं बोलाय आले न्हाई, पाटील. मुंबईच्या मान्सांना यकच गोष्ट इचारायची हाय. इचारते आन जाते."

थोरल्याने मान दुसरीकडे वळवली. पाटलांनी नाही म्हटले नाही. ते म्हणायला त्यांना एक क्षण उशीर झाला, आणि ती पहिल्या माणसाकडे वळली.

"तुमी पाह्यलं ह्यांना? मेलेलं?"

"न्हाई. मी रातपाळीला हुतो. झोपल्तो. दनका बसला तवा उठलो."

"तुमी?"

"न्हाई."

"तुमी?"

तिसरा जरा थांबून म्हणाला, "सकाळी दिसला हुता. खाली हाटेलात. च्या पीत हुता."

"कुठं जातो म्हनले?"

"पाळीला."

"कुठल्या गोदीत?"

"ते आदी कुठं ठरतंय? फाटकात उभं ऱ्हायचं. मुकादम बोट दावंल तिकडं जायाचं."

"त्यांना कुठं दावलं?"

"ठावं न्हाई, वैनी."

चौथा, पाचवा, सहावा. तिने एकालाही वगळले नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडून 'न्हाई' हा शब्द येईपर्यंत ती पुढे गेली नाही. वर्तमानपत्रात सात-आठ वर्षे काढूनही मी नवव्या नावाबद्दल जे केले नव्हते, ते ती करत होती. सातवा माणूस पेटी आणणारा होता. चाळिशीचा, खोलीतला जुना. तो पाराच्या कडेला बसला होता आणि मघापासून खाली बघत होता.

"पेटी तुमी आनली."

"व्हय."

"बाकीच्यांच्या वैशाखात आल्या. ह्यांची म्हैनाभर मागं का ऱ्हायली?"

"वाट बघितली."

"कुनाची?"

त्याने धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाला, "त्याचीच."

"पेटी दारात ठिवली तवा ऊन हुतं. मी तांब्या दिला. तुमी प्यालात."

"लई तहान लागल्ती."

"सुतकाच्या घरचं पानी पितात व्हय?"

मागे कोणीतरी खाकरले. त्या माणसाने पागोटे काढून मांडीवर ठेवले.

"न्हाई पीत," तो म्हणाला. "खरं सांगतो. जागा पायजे हुती. माझ्या भावाला मुंबईला न्यायचं हुतं. खोलीत पेटी ठिवायला बोटभर जागा न्हाई. खोलीवाले म्हनले, म्हैना झाला, त्याची पेटी हलवा. मी हलवली. तो मेला म्हनून न्हाई आनली. दारात ठिवली, पानी प्यालो, सांगनार हुतो. तेवढ्यात शेजारच्या बायांनी गळा काढला. समदं गाव गोळा झालं. मग म्या काय बोलनार?"

"दोन वरसं," थोरला म्हणाला. इतकेच.

"रोज म्हनत हुतो, सांगू. मग बागंचं निघालं. म्हनलं, आता सांगून तरी काय. तो तर आलाच न्हाई ना."

ती पदर सावरून निघून गेली. तिने विचारायचे ते विचारून झाले होते.

थोरला उठून उभा राहिला. "पाटील, ह्यानं पेटी कशापायी आनली ते कळलं. पर भाऊ जिता हाय असं बी कुनी पाह्यलं न्हाई."

"न्हाई पाह्यलं," पाटील म्हणाले. "पर बाग मेलेल्यांची हाय. ज्याचं ठावं न्हाई त्याचं झाड कसं लावायचं? आठच लावू."

थोरला कोणाकडे न बघता पारावरून उतरला आणि शेताकडे गेला. सोयऱ्यांचे काय होणार, हे त्याच्या चालण्यातून पारावरच्या सगळ्यांना कळले. तेव्हा मला सांगणे भाग पडले. मी सांगितले की यादी नऊ नावांची गेली आहे, माझ्याकडूनच गेली आहे, आणि थांबवण्याची चिठ्ठी काल धाडली आहे.

पाटील माझ्याकडे वळले. "धाकले मास्तर, तुमच्या वडलांनी आमाला पाटीवर लिवायला शिकवलं. ते पुसता यायचं."

शनिवारी दुपारी दगड बैलगाडीतून आला. गाडीबरोबर पाथरवट स्वतः होता. दगड बसवायचे काम त्याचेच होते. चिठ्ठी त्याला मिळाली होती, पण नाव कोरून झाल्यावर. दगड काळा, छातीइतक्या उंचीचा. नावे मी ज्या क्रमाने वहीत लिहिली त्याच क्रमाने होती, त्यामुळे नववे नाव सगळ्यात खाली होते. काम चांगले होते. अक्षरे एकसारखी आणि खोल.

उपाय बसल्या जागी निघाला. नाव तळाशी आहे, तेव्हा दगड वीतभर जास्त खोल पुरायचा; शेवटची ओळ मातीखाली जाईल आणि आठ नावे वर राहतील. पाथरवटाला पटले. पाटलांना पटले. मलाही तो सोयीचा वाटला, हे नोंदवले पाहिजे. खड्डा खोल करायला माणसे लागलीसुद्धा. तेवढ्यात कोणीतरी जाऊन तिला सांगितले असावे. ती आली तेव्हा हाताला पीठ होते.

"जित्या मानसाला मातीत घालता?"

कुदळ थांबली. त्या एका प्रश्नानंतर खड्ड्यात उतरायला कोणी तयार होईना. पाटील पाथरवटाला म्हणाले, "मग छिनून काढ."

"खोलगा पडंल. अक्षर जेवढं खोल त्याच्या दुप्पट काढावं लागतं."

"पडू द्या," ती म्हणाली.

पाथरवटाने हत्यारांच्या पिशवीला हात लावला नाही. तो तिच्याशी नाही, पाटलांशी बोलला. मेलेल्यांच्या दगडावर एकदा नाव पडले की ते काढत नाहीत, असे तो म्हणाला. त्याच्या बापाने काढले नव्हते, आज्याने काढले नव्हते. काढायचेच असेल तर घरच्या कर्त्या पुरुषाने दगडाला हात लावून सांगितले पाहिजे. बाईमाणसाच्या सांगण्यावरून तो छिन्नी लावणार नाही. पाटलांनी दोनदा समजावले, मग जरा दटावले. तो ऐकेना. गाडीत बसून नगरला परत जाईन, पण लावणार नाही, म्हणाला.

कर्ता पुरुष म्हणजे थोरला. तो गुरुवारपासून शेतातल्या छपरात राहत होता.

रविवारी सकाळी पाटलांनी त्याला निरोप धाडला. माणूस परत येऊन म्हणाला, "बघतो म्हनला." दुपारी दुसरा गेला. तो म्हणाला, थोरला खुरपत होता आणि त्याने मान वर केली नाही. दगड आडवा, दोन ओंडक्यांवर ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पुढारी येणार होते. मांडवाचे बांबू येऊन पडले होते आणि मांडव घालणारी माणसे, दगड उभा केल्याशिवाय खांब कुठे रोवायचे ते कळत नाही, म्हणून बिड्या ओढत बसली होती. ती बाई सकाळपासून दगडाजवळ, काट्यांच्या आत बसून होती. तिला कोणी उठ म्हटले नाही. पाणीही कोणी दिले नाही. काय म्हणून द्यायचे, हे बहुधा कोणाला ठरवता आले नाही.

थोरला चारच्या पुढे आला. शेतातून सरळ, पाय चिखलाचे. त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती. भाकरी घेऊन गेलेली ती परत येत होती. तो दगडापाशी उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हते.

"कुठलं त्याचं?" त्याने मला विचारले.

मी बोट ठेवले. त्याने माझे बोट बाजूला केले आणि तिथे स्वतःचा पंजा ठेवला. अक्षरांवरून त्याने अंगठा एकदा फिरवला. भावजय चार हातांवर बसली होती. तो तिच्याकडे वळला नाही आणि मुलीकडेही वळला नाही.

"मी सोयऱ्यांना सोमवारचा सबूद दिलाय," तो पाटलांना म्हणाला.

"ठावं हाय मला."

"ते आता थांबनार न्हाईत."

"न्हाई थांबायचे."

पाथरवट उकिडवा बसून थोरल्याच्या तोंडाकडे बघत होता. थोरल्याचा हात दगडावरच होता, आणि तो तिथून उचलला तर प्रश्न तसाच राहील हे त्याला कळत होते.

"पेटी मेल्याची हाय म्हनून मी त्याला रडलो," तो शेवटी म्हणाला. "ती जाग्याची निघाली. आता दगड खोटा कशाला ठिवायचा. काढ."

"नीट सांगा," पाथरवट म्हणाला. "कर्ता म्हनून."

"मी त्याचा थोरला भाऊ. मी सांगतो. काढ."

पाथरवटाने छिन्नी लावली. नाव शेवटच्या अक्षरापासून मागे जात काढले. तासाभराचे काम होते. ते संपेपर्यंत ती बसून होती, थोरला उभा होता आणि मुलगी भाकरीचे रिकामे फडके घेऊन काट्यांच्या बाहेर थांबली होती. अंधार पडायच्या आत दगड उभा झाला. आठ नावे, आणि त्यांच्याखाली हातभर लांबीचा, दोन बोटे खोल, पांढुरका पट्टा. नववा खड्डा थोरल्याने स्वतः फावड्याने बुजवला.

सोमवारी पुढारी ठरल्या वेळी आले. आठ घरच्या बायकांनी पाणी घातले. भाषण अर्धा तास झाले. पुढाऱ्यांनी गोदीतल्या मृतांना देशाचे बळी म्हटले आणि सरकारने ही गोष्ट लोकांपासून कशी लपवली ते सांगितले. मग ते दगडाजवळ गेले आणि आठही नावे मोठ्याने वाचली. शेवटच्या नावाखाली त्यांचा हात थांबला.

"इथे काय होते?"

पाटील पुढे झाले. त्यांनी काहीतरी तयार केले असावे. पाथरवटाची चूक वगैरे. त्याआधी थोरला बोलला.

"माझ्या भावाचं नाव हुतं, साहेब. मी काढाय लावलं."

"म्हणजे ते सुखरूप आहेत?"

"ठावं न्हाई."

पुढाऱ्यांनी आणखी कोणी काही सांगेल म्हणून आजूबाजूला पाहिले. ते मान हलवून पुढे गेले.

त्या आठवड्याच्या अंकात मी बातमी दिली. आठ झाडे, आठ नावे, पुढाऱ्यांचे भाषण. दगडावरच्या खोलग्याबद्दल काही लिहिले नाही. लिहिले असते तर त्याचे नाव लिहावे लागले असते, आणि मग ते कोणत्या रकान्यात आले असते ते मला सांगता आले नसते.

सोयरीक मोडली. मुलीचे लग्न पुढल्या वर्षाच्या वैशाखात दुसरीकडे झाले, थोड्या कमी प्रतीच्या घरी. धाकटा भाऊ परत आला नाही. निदान १९४९ मध्ये मी त्या गावी शेवटचा गेलो तोवर आला नव्हता. तोपर्यंत आठांपैकी पाच झाडे जगली होती. ती बाई त्याच घरात होती. तिला माहेरी कोणी पाठवले नव्हते. गावात तिला कोणी विधवा म्हणत नसे, आणि सवाष्ण म्हणून कोणी ओटी भरायलाही बोलावत नसे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे तिला एकाच घरून येई. ते घर पेटी आणणाऱ्या माणसाचे होते. ती दर वर्षी जात असे.